अमळनेरनं एकदा भांडवल दिलं, मग पुन्हा का नाही?

बोरीकाठची | रविवार, रात्री १०:१५

यात्रेला पाहुणे येणार म्हणून माळा झाडायला घेतला आणि आजोबांची पत्र्याची पेटी खाली उतरवली. वर सातबारे, त्याखाली प्रताप मिलच्या पगाराच्या चिठ्ठ्या, तळाशी खाकी पाकिटात शेअर सर्टिफिकेटं. पाकीट उघडेपर्यंत घरातल्या सगळ्यांच्या मनात एकच नाव होतं, पण कुणी उच्चारलं नाही. अमळनेरच्या माणसाला ते सांगायला नको. तर, नाही. विप्रोचा एकही शेअर निघाला नाही. "आपलं नशीब," म्हणत आईने पुन्हा केरसुणी उचलली.

निघालं ते असं. एका परदेशी औषध कंपनीचे ५० शेअर, साल १९७८. मुंबईच्या एका बंद पडलेल्या गिरणीचे २५. आणि १९९४ चा, एका सागवान कंपनीचा पाच हजारांचा 'बॉण्ड'. त्यावर हिरवंगार सागाचं पान छापलंय आणि मागे लिहिलंय की वीस वर्षांनी झाडाचे पैसे तुमचे. औषध कंपनीच्या कागदांवर आजोबांची सही मोडीत आहे, एका झटक्यात केलेली. बॉण्डवर थरथरत्या हाताची देवनागरी. एवढ्यावरून मधली सोळा वर्षं दिसतात.

आता मुद्द्याचं. १९४५ च्या डिसेंबरात आमच्या गावच्या तेल कारखान्यासाठी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिचे शेअर लोकांसाठी निघाले. शंभर रुपयांना एक. गावातल्या माणसांनी घेतले, काहींनी पिढ्यान् पिढ्या सांभाळले, आणि पुढे तिचीच विप्रो होऊन काय झालं ते जगजाहीर आहे. म्हणजे खान्देशी माणूस शेअरला भितो हे काही खरं नाही. मग नंतरच्या ऐंशी वर्षांत इथला पैसा सोन्यात, प्लॉटात, भिशीत आणि पतपेढीतच का जिरला? जळगावची जैन इरिगेशन सोडली तर इथल्या कंपन्यांची नावं पटापट सांगता येतील का कुणाला?

घरात दोन पक्ष पडलेत. मिस्टर म्हणतात, कायदे एवढे करून ठेवलेत की तालुक्याचा कारखानदार बाजाराची पायरी चढूच शकत नाही. दीर म्हणतात, कायदा होता कुठे, म्हणून तर सागवानवाला पळाला. मला दोघांचंही अर्धं पटतं.

आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ७९ लाखांच्या आसपास होती. मॉरिशस बारा-तेरा लाखांचा, एकट्या नंदुरबार जिल्ह्यापेक्षाही लहान. मराठी माणसंही आहेत तिथे. आणि १९८९ पासून त्यांचा स्वतःचा शेअर बाजार आहे, सुरुवात पाच कंपन्यांवर केली होती. लहान अर्थव्यवस्थेत बाजार वाढतो की खुंटतो, हे कायद्यावर कितपत ठरतं? इथे वकील, सीए, कारखानदार सगळे आहात. बोला.


तापीतीर | रविवार, रात्री १०:४०

ताई, सोपं आहे. १९४६ ला इंग्रज जायच्या गडबडीत होते, नियम-बियम काही नव्हते. कंपनी काढा, शेअर विका. नंतर दिल्लीचं लायसन्सराज आलं, झालं!


सीएस_धुळे | रविवार, रात्री ११:२५

तापीतीर भाऊ, उलटं आहे. भांडवल उभारणीवर सरकारी नियंत्रण १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, भारत संरक्षण नियमांखाली आलं. युद्ध संपल्यावर ते जायला हवं होतं, पण १९४७ मध्ये त्याचाच कायमचा कायदा झाला. ताईंच्या गावची कंपनी काही मोकळ्या रानात जन्मली नाही.

आता ताईंच्या पेटीकडे या. त्या तीन कागदांत आपल्या बाजार-कायद्याचा सगळा इतिहास आहे, मी काही चढवून सांगत नाही.

औषध कंपनी, १९७८. १९७३ च्या फेरा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला लावला. उरलेले शेअर भारतीयांना विकणं भाग पडलं. आणि किंमत कोण ठरवणार? कंपनी नव्हे. दिल्लीत 'कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज' नावाचं कार्यालय होतं, ते ठरवायचं. समजा शेअरची खरी लायकी साठ रुपये, तर हा साहेब म्हणणार, पंधराला द्या. घेणाऱ्याची चांदी. अर्जांचा पाऊस पडायचा आणि सोडतीत नंबर लागायचा. माझे वडील तेव्हा आग्रा रोडवरच्या एका कापड दुकानात हिशेब लिहायचे. त्या दुकानाच्या गल्ल्याशेजारी कपड्याच्या थानांसारखे अर्जांचे गठ्ठे असत. सबब्रोकर त्यावर आपला रबरी शिक्का मारून देई, दलाली त्या शिक्क्यावर मिळायची. शिक्का पुसट उठला की वडील पुन्हा मारून घ्यायचे, त्याचं नुकसान नको म्हणून.

म्हणजे एका अर्थी कायद्यानेच मध्यमवर्गाला शेअरची चटक लावली. पण त्याच कायद्याने नवीन कंपन्यांचा रस्ता अडवला. साठाचा माल पंधराला विकायला स्वतःहून कोण येईल? ज्यांना सक्ती होती ते आले. धुळे-जळगावच्या कारखानदाराला सक्ती नव्हती. तो बँकेत गेला.

२९ मे १९९२ ला तो कायदा रद्द झाला. सेबी, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणारं मंडळ, १९८८ पासून होती, पण तिला दात आले त्याच वर्षी, १९९२ ला. ते दात अजून दुधाचे होते आणि इकडे फाटक सताड उघडं. १९९४-९५ मध्ये वर्षाला हजारावर कंपन्या लोकांकडे पैसे मागायला आल्या. त्यातल्या कित्येक नंतर पत्त्यावर सापडल्या नाहीत. सरकारी कागदांतच त्यांना 'व्हॅनिशिंग कंपन्या' असं नाव पडलं. मग १९९६ मध्ये सेबीने अट घातली: मागच्या पाचांतली तीन वर्षं लाभांश दिलेला दाखवा. झालं, दोन-तीन वर्षांत आकडा हजारावरून दोन अंकी झाला. चोर गेले ते गेले, पण नुकताच उभा राहिलेला प्रामाणिक कारखानदारही त्या फाटकाबाहेरच राहिला.

सागवानावर नंतर लिहितो, उद्या सकाळी आरओसीचं (कंपनी निबंधकाकडचं) काम आहे.


डाळमिलवाला | सोमवार, सकाळी ७:५०

सीएस साहेबांनी इतिहास सांगितला, मी चालू काळ सांगतो. जळगाव एमआयडीसीत डाळमिल आहे, तिसरी पिढी. दोन वर्षांपूर्वी एका मर्चंट बँकरने (कंपन्यांचे शेअर बाजारात आणून देणाऱ्याने) गाठलं की एसएमई प्लॅटफॉर्मवर या. २०१२ पासून बीएसई आणि एनएसई दोन्हीकडे लहान कंपन्यांसाठी वेगळा मंच आहे, भरणा भांडवल २५ कोटींपर्यंत चालतं. म्हटलं बघू.

आधी भागीदारीची कंपनी करा. मग तीन वर्षांचे हिशेब नव्याने तपासून घ्या. मर्चंट बँकरची फी, वकील, ऑडिटर, रजिस्ट्रार, माहितीपत्रकाची छपाई. वर मार्केट मेकर, जो तीन वर्षं तुमच्या शेअरला खरेदी-विक्रीचे भाव देत राहणार, त्याचे वेगळे. सगळं जोडलं तर आमचा दोन हंगामांचा नफा. यातला बहुतेक खर्च असा की तुम्ही दहा कोटी उभारा नाहीतर हजार कोटी, तो चुकत नाही. हजार कोटीवाल्याला ते चहापाणी. आम्हाला तो डाळ निवडणाऱ्या एका नवीन सॉर्टेक्स मशीनचा पैसा.

आणि खरं सांगू? खर्च तरी एकदाचा असतो. तुरीचा साठा किती आणि कुठल्या भावाचा, हे दर सहामाहीला छापून दाणा बाजारात वाटायला मी तयार नव्हतो. समोरचा आडत्या तेच वाचून मला भाव पाडून मागणार. हे कुठल्या कायद्याच्या पुस्तकात नाही.


अहिराणीबाणा | सोमवार, सकाळी ८:०५

भो, कंपन्यासना गप्पा सोडा. पतपेढीमा जो पैसा गया, तो आमना गावमा परत उना नही. तेवढं बोला.


केळीबागाईत | सोमवार, दुपारी १:३०

बाणा भाऊंनी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. यावल तालुक्यातला आहे. एका वर्षी केळीचे पैसे चांगले आले तेव्हा मल्टिस्टेट पतसंस्थेत ठेव ठेवली. नाव लिहीत नाही. बँकेपेक्षा तीन टक्के जास्त, शाखा गावातच, मॅनेजर ओळखीचा. शेअर बाजारात जुगार, इथे 'आपली माणसं', हा हिशेब.

बंद पडल्यावर कळलं की राज्यातल्या पतसंस्थेवर जिल्ह्याचा उपनिबंधक तरी असतो, मल्टिस्टेटचा निबंधक थेट दिल्लीत. २००२ चा केंद्राचा कायदा. जळगावच्या सहकार खात्यात गेलो तर म्हणाले, आमच्याकडे नाही. बँकेतल्या ठेवीला आता पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. हेही तेव्हाच कळलं.

ठेवीदारांच्या संरक्षणाचा राज्याचा एमपीआयडी कायदा आहे, १९९९ चा, त्याखाली मालमत्ता जप्त होते. जप्त झाली, लिलाव व्हायला वर्षं लागतात. आणि आता ऐका खरी गंमत. माझ्याकडे एकजण आला. म्हणे, पावती विकता का? चाळीस टक्के देतो, रोख. मी विचारलं, मेलेल्या पावतीचं तू काय करणार? तर ज्यांचं त्याच संस्थेचं कर्ज होतं, ते पावत्या अर्ध्या किमतीत गोळा करायचे आणि पूर्ण किमतीने कर्जात वळती करायचे. बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर भाव फुटायचा. सोमवारी पस्तीस, गुरुवारी बेचाळीस. मी चाळीसला दिली. मुलीचं लग्न होतं.

म्हणून ताई, खान्देशात शेअर बाजार नाही असं म्हणू नका. होता. दलाल होते, भाव होता, सौदा जागेवर चुकता. फक्त माल मेलेला होता.


तापीतीर | सोमवार, दुपारी २:१०

केळीबागाईत, नि:शब्द. (आणि १९४३ बद्दल सीएस साहेबांचे आभार, कान पकडला.)


रात्रपाळीडॉक्टर | सोमवार, रात्री ११:५०

थोडं वेगळं. आमच्या हॉस्पिटलच्या गेटवर नेपाळचे एक दाजू आहेत, रात्रीची ड्युटी. परवा पहाटे बघतो तर मोबाईलवर काहीतरी भरताहेत, एकदम मन लावून. विचारलं तर म्हणाले, आयपीओ. दहा कित्ता. कित्ता म्हणजे शेअर. शंभर रुपयांचा एक, हजार रुपयांचा अर्ज, 'मेरो शेयर' ॲपवरून. बायकोचा, आईचा, दोन्ही मुलांचा, सगळ्यांचे वेगळे अर्ज. सोडतीत लागला तर दहा मिळतात, नाहीतर पैसे मोकळे.

मी धुळ्याचा एमडी, माझं शेअरचं डिमॅट खातं तीन वर्षं झोपलंय. हा माणूस गेटवर बसून जलविद्युत कंपनीचा भागीदार होतोय! त्यांनीच सांगितलं, प्रकल्पाने बाधित झालेल्या तिथल्या लोकांसाठी दहा टक्के शेअर राखून असतात. नंतर शोधलं, खरं आहे. तीन कोटींच्या आतबाहेरचा देश आणि डिमॅट खाती साठ लाखांच्या पुढे. तापीवर, गिरणेवर एवढी धरणं झाली, प्रकल्पग्रस्ताला कुणी कधी शेअर दिला?


सीएस_धुळे | मंगळवार, सकाळी ६:४०

डॉक्टर, फार चांगलं उदाहरण, लहान अर्थव्यवस्थेचं अस्सल. नेपाळमध्ये नियामक मंडळ १९९३ चं, बाजाराचे सौदे जानेवारी १९९४ पासून. दहा टक्क्यांची तरतूद मला मनापासून आवडते.

पण दाजूंच्या 'शंभर रुपये' कडे नीट बघा. ओळखीचं वाटत नाही? आपला जुना कंट्रोलर साहेबच तो. दर्शनी, म्हणजे कागदावर छापलेल्या किमतीला शेअर मिळतो, म्हणून घरातल्या प्रत्येकाच्या नावाने अर्ज पडतो. आता विकणाऱ्याच्या बाजूला या. तिथल्या बँकांना निदान ३० टक्के हिस्सा जनतेला द्यावाच लागतो, म्हणून बाजारात बँका, विमा आणि वीज कंपन्यांची गर्दी. चालता कारखाना असलेला उद्योगपती सहसा फिरकत नाही. अलीकडे जास्त किमतीला विकायची वाट काढून दिलीय, पण पाऊलवाट जुनीच. बाजार वाढला खरा, पण कायद्याने ज्यांना ढकललं तेवढ्यांचाच.


डाळमिलवाला | मंगळवार, सकाळी ९:१५

हेच म्हणतोय. ढकलू नका, अडवूही नका. आता २०२५ ला एसएमईचे नियम आणखी आवळले. तीनपैकी दोन वर्षं एक कोटीचा कामकाजी नफा दाखवा, आणि लहान गुंतवणूकदाराचा अर्ज दोन लाखांच्या वर. आधी लाखाचा होता. पारोळ्याचा मास्तर माझ्या कंपनीत एकरकमी दोन लाख घालणार आहे का? माझ्या डाळीवर ज्याचा विश्वास, त्यालाच बाहेर ठेवलं. घेणार कोण, तर मुंबई-अहमदाबादचा, ज्याने डाळमिल आतून पाहिली नाही आणि लिस्टिंगच्या दिवशी विकून मोकळा.


सीएस_धुळे | मंगळवार, सकाळी ९:४०

शेठ, नियम आवळले त्याला कारण आहे. मधल्या दोन-तीन वर्षांत दहा माणसांच्या कंपन्यांवर शेकडो पट अर्ज पडत होते. मास्तरचा लाख बुडाला असता तर तुम्ही-आम्हीच इथे धागा काढला असता, की सेबी झोपली होती काय.


डाळमिलवाला | मंगळवार, सकाळी ९:५२

मास्तरचा लाख पतसंस्थेत बुडालाच ना? तिथे कुणी विचारलं, अर्ज दोन लाखांच्या वरचाच हवा?


सीएस_धुळे | मंगळवार, सकाळी ९:५५

याला माझ्याकडे उत्तर नाही.


अर्थशास्त्राचा_तास | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

महाविद्यालयात शिकवतो, म्हणून एकच भर. भट्टाचार्य आणि दाऊक या दोन अभ्यासकांनी २००२ साली जगभरचे बाजार तपासले. १०३ देशांत शेअर बाजार, त्यांपैकी ८७ देशांत आतल्या माहितीवर सौदे करण्याविरुद्ध कायदा होता, आणि त्या कायद्याखाली कधी एक तरी खटला भरला असे देश फक्त ३८. नुसता कायदा केल्याने कंपन्यांना भांडवल स्वस्त झालं नाही. पहिला खटला भरला गेल्यावर झालं.

मला यातला 'पहिला' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. केळीबागाईत यांना चाळीस टक्के मिळाले ते कायद्यात काही कमी होतं म्हणून का? जप्तीचा कायदा १९९९ पासून आहे. जप्ती आणि लिलाव यांच्यातल्या वर्षांचा भाव टपरीवर साठ टक्के ठरला होता, इतकंच. लहान ठिकाणी ही गोष्ट जास्त लागते. मुंबईत एक कंपनी बुडाली तर बाजार पुढे जातो. तालुक्यात एक संस्था बुडाली की पुढची वीस वर्षं सगळा तालुका सोन्याच्या दुकानात.

अवांतर: मुंबईबाहेर आपल्या राज्यात एक शेअर बाजार होता पुण्याचा, १९८२ चा. २०१२ मध्ये सेबीने सांगितलं, वर्षाला हजार कोटींची उलाढाल दाखवा नाहीतर बाहेर पडा. २०१५ मध्ये तो बंद झाला. उलाढाल नव्हतीच, त्यामुळे अश्रू ढाळण्यात अर्थ नाही. पण तेवढ्याच ठिकाणी नोंदलेल्या बारक्या कंपन्यांचे कागद ज्यांच्या पेटीत राहिले, त्यांना विकायला जागाच उरली नाही.


बोरीकाठची | शुक्रवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. चार दिवस कागदांच्या मागे होते, म्हणून उशीर.

औषध कंपनी जिवंत आहे, नाव दोनदा बदललंय. सात वर्षं लाभांश न उचलल्यामुळे शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीत गेलेत. गेले म्हणजे बुडाले नाहीत, आयईपीएफ-५ अर्ज भरून परत मागता येतात. पण आधी वारस लावायचा. एका कंपनीतल्या पाच लाखांपर्यंतच्या कागदी शेअरला कोर्टाचा वारसदाखला लागत नाही, इतर वारसांची ना-हरकत आणि हमीपत्र चालतं, हे सीएस साहेबांनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं, त्यांचे खास आभार. रजिस्ट्रारकडच्या मुलीने फोनवर विचारलं, "मॅडम, सहीच्या जागी रेघा का आहेत?" मी म्हटलं, मोडी आहे. ती म्हणाली, "मोडी म्हणजे खराब झालेली का?"

सीएस साहेब, सागवानाचं राहिलं होतं, तेही मीच शोधलं. अशा योजना सेबीने बघायच्या हे सरकारने जाहीर केलं नोव्हेंबर १९९७ ला, नियम आले ऑक्टोबर १९९९ ला. आमचा बॉण्ड १९९४ चा. मिस्टर आणि दीर दोघेही ही तारीख ऐकून गप्प बसले, एवढा एक फायदा झाला.

ना-हरकतीसाठी शिरपूरच्या आत्याला फोन केला. तिला औषध कंपनीत काही रस नव्हता. पेटीत अजून काय निघालं विचारलं. मी सागवानाचा कागद म्हटलं तर बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "त्या पाच हजार मना व्हतात. पाटल्या मोडी दिन्हा व्हतात. बाबाले सांगेल व्हतं, कोणले सांगू नका."

कागद परवा तिच्याकडे नेऊन देणार आहे.